स्लॅब आधी की पदवी?

हा लेख आम्ही नवरा-बायको मिळून लिहीत आहोत. म्हणून यात 'मी' कुठे नाही. जिथे एकट्याबद्दल सांगायचे आहे, तिथे बायकोला 'ही' आणि नवऱ्याला 'हे' म्हटले आहे. वाचक बंधू-भगिनींनी सांभाळून घ्यावे.

आमचे घर नांदेडला. दोन खोल्या, वर पत्रे. हे ट्रकच्या गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत. ही मूळची लातूरची, बी. कॉम. झालेली. एका बियाण्याच्या गोदामात डिस्पॅचचे काम पाहते. गेटपास लिहायचा, ई-वे बिल काढायचे, कोणत्या गाडीत कोणता लॉट गेला त्याची नोंद ठेवायची, असे ते काम. लेक तेव्हा दहावीत जाणार होती. ह्यांची आई आमच्याजवळच असते.

सात वर्षे आम्ही स्लॅबसाठी पैसे साठवत होतो. भिशी लागली की बँकेत, दिवाळीचा बोनस मिळाला की बँकेत. २०२५च्या उन्हाळ्यात एक लाख ऐंशी हजार जमले होते. गवंड्याशी बोलणेही झाले होते. त्याच उन्हाळ्यात एका रात्री जेवण झाल्यावर ही म्हणाली, "मला एम. बी. ए. करायचे आहे. नोकरी न सोडता. सप्लाय चेनमध्ये."

पुढचे दोन दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोलले नाही.

हिचे म्हणणे साधे होते. अकरा वर्षे ही त्या गोदामात आहे. या अकरा वर्षांत इन्चार्जची जागा दोनदा निघाली. दोन्ही वेळा बाहेरून पदवीवाला मुलगा आला, आणि कोणता माल कुठल्या थप्पीत आहे, कोणता दुकानदार पैसे वेळेवर देतो, हे त्याला हिनेच शिकवले. साहेब तोंडावर म्हणाले, "ताई, काम तुम्हालाच येते, पण कागद त्याच्याकडे आहे."

ह्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. पावसाळ्यात पत्रा गळतो. लेकीला पुढच्या वर्षी अकरावीला लातूरला जायचे आहे. लातूर पॅटर्नचे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, तसा तिथला खोलीभाड्याचा आणि क्लासचा खर्चही आईबापांना माहीत आहे. एकच रक्कम आणि तिला तीन तोंडे. त्यात अडतिसाव्या वर्षी शिकून नोकरीत वर चढता येईलच याची हमी कोण देणार? आई तर म्हणाल्या, "आता शिकून काय कलेक्टर होणार हाय का?"

असा वाद चालू असताना आम्ही हिच्या माहेरी लातूरला गेलो.

हिच्या वडिलांना सगळे दादा म्हणतात. तीस वर्षे ते लातूरच्या मार्केट यार्डात हमाल होते. त्या काळी शंभर किलोचे पोते पाठीवर घ्यावे लागे. महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला १९६९ साली, पण कायद्याने पोत्याचे वजन पाठीवरून उतरत नाही. दादांना सही करता येते, त्यापलीकडे लिहिता येत नाही. पण थप्पी कशी लावावी हे त्यांना विचारा! जुना माल दाराकडे, नवा आत. नाहीतर नवा आधी जातो आणि जुन्याला कीड लागते. गाडी भरताना आधी उतरायचा माल शेवटी चढवायचा. जड माल पुढे-मागे नीट वाटायचा, म्हणजे गाडी एका अंगाला झुकत नाही. आता हिच्या पुस्तकात तेच लिहिलेले आहे. आधी आलेला माल आधी बाहेर, या नियमाला तिथे इंग्रजी नाव आहे आणि त्यावर परीक्षेत प्रश्न येतो.

दादांना आम्ही अडचण सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी तीस वर्षं गाड्या भरल्या. गाडी कुठं जाती, माल कोण खातं, भाव कोण ठरवतं, हे मला कधी कुणी सांगितलं न्हाई. आन् मी इचारलं बी न्हाई. ही इचारतीया, तर इचारू द्या."

परतीच्या एस. टी. त, अहमदपूर ते लोहा, हे काहीच बोलले नाहीत. नांदेड आल्यावर एवढेच म्हणाले, "आधी हा विषय काय आहे ते मला नीट सांग."

पुरवठा साखळी म्हणजे काय, ते आम्हाला पुस्तकाआधी लातूरच्या पाण्याने शिकवले होते. २०१६ साली लातूरचे पाणी संपले. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. मग मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी मिळू लागले. पेपरात फोटो आले ते रेल्वेचे. पण हिच्या आईला पाणी रेल्वेतून मिळाले नाही. रेल्वेतून ते विहिरीत, विहिरीतून शुद्धीकरणाला, तिथून टँकरमध्ये आणि टँकरमधून गल्लीत आले. गल्लीत आल्यावर घागरींची रांग होतीच. पाणी शहरात आले होते, तरी घरात यायला वेळ लागत होता. साखळीतली एक कडी जरी सैल असली तरी बाकीच्या कड्यांचे जोर वाया जातात. या विषयाचा अर्धा अभ्यास एवढाच आहे. माल, पैसा आणि बातमी, तिन्ही शेवटच्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचतात की नाही ते पाहायचे.

उरलेला अर्धा अभ्यास हिशेबाचा. त्यातली दोन उदाहरणे वाचकांसाठी देतो.

पहिले उदाहरण. एका दुकानाला वर्षाला हजार पोती लागतात. दर वेळी माल मागवायला गाडीभाडे, हमाली, फोन मिळून ५०० रुपये खर्च येतो. एक पोते वर्षभर गोदामात ठेवले तर जागा, व्याज, उंदीर-घूस धरून २५ रुपये लागतात. तर एका वेळी किती पोती मागवावीत? सगळी एकदम मागवली तर सरासरी पाचशे पोती पडून राहतात. ठेवणावळ १२,५०० रुपये आणि मागवण्याचे ५००, एकूण १३,०००. पन्नास-पन्नास मागवली तर वीस खेपा, म्हणजे १०,००० रुपये मागवण्यातच जातात आणि ठेवणावळ ६२५, एकूण १०,६२५. दोनशे-दोनशे मागवली तर पाच खेपांचे २,५०० आणि ठेवणावळ २,५००, एकूण फक्त ५,०००. हे दोनशे कसे काढायचे त्याचे सूत्र फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन माणसाने १९१३ साली मांडले. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते. सूत्रात वर्गमूळ आहे. हिला वर्गमूळ विसरले होते, ते लेकीने शिकवले. चाळीस हजाराचे वर्गमूळ दोनशे.

दुसरे उदाहरण हिच्या गोदामातले. जूनमध्ये कुणीतरी म्हणते, यंदा सोयाबीनचे बी कमी पडणार. दोन बॅगा लागणारा शेतकरी तीन मागतो. दुकानदार वीसऐवजी चाळीस मागतो. तालुक्याचा व्यापारी शंभराच्या जागी तीनशे मागतो. कंपनी रात्रपाळी लावते, जादा गाड्या पाठवते. मग पाऊस ओढ देतो आणि तोच माल जुलैमध्ये परत येतो. ज्या हमालांनी तो रात्री जागून चढवला, त्यांनाच तो उतरवावा लागतो. चाबूक हातात जरासा हलला तरी त्याचे टोक मोठा फटका मारते, तसे ते आहे. अमेरिकेतल्या जे फॉरेस्टर या प्राध्यापकांनी १९६१ साली पुस्तक लिहून ही गोष्ट गणिताने समजावली. पहिली कडी आणि शेवटची कडी यांच्यात खरी बातमी वेळेवर गेली तर फटका कमी होतो. हिला अकरा वर्षे फटका माहीत होता, त्याचे कारण आता कळले.

हे ऐकून हे म्हणाले, "अगं, मग गॅरेजमध्ये स्पेअर पार्टचेही असेच होते की!" त्या दिवसापासून वाद 'शिकावे की नाही' यावरून 'कुठे शिकावे' यावर आला.

अशा शिक्षणाला पुढे वाव आहे का, तेही आम्ही पाहिले. १ जुलै २०१७ला जी. एस. टी. आला, राज्याराज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले आणि कंपन्या गोदामांची मांडणी नव्याने करू लागल्या. देशाचे राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण १७ सप्टेंबर २०२२ला, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी जाहीर झाले. बडोद्याला वाहतूक आणि मालपुरवठ्याच्या शिक्षणासाठी गतिशक्ती विद्यापीठ झाले. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला. त्यातून पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२०ला बाहेर पडला. एका डब्याला हजारो सुटे भाग लागतात, आणि ते वेळेवर आणणारी माणसेही लागतात. नोकरी मिळेलच असे आम्ही म्हणत नाही. पण काम वाढते आहे, एवढे खरे.

आता निवडीचे सांगतो, कारण हा लेख त्यासाठीच आहे.

आमच्यासमोर चार वाटा होत्या. पहिली पुण्याची, शनिवार-रविवार वर्ग. शिकवणे उत्तम असेल, पण नांदेडहून जायला एक रात्र, यायला एक रात्र, आणि फी आमच्या सगळ्या शिलकीपेक्षा जास्त. दुसरी, पदव्युत्तर पदविका. खर्च कमी, विषय नेमका. पण पदविका आणि पदवी एक नव्हे. हिच्या कंपनीत पदवीच मागतात, ते हिने आधी विचारून घेतले. तिसरी वाट मुक्त विद्यापीठाची. आपल्याकडे इग्नू १९८५पासून आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. कष्टकरी माणसांनी काम करीत शिकावे म्हणूनच अशी विद्यापीठे निघाली. चौथी वाट एका गृहस्थांनी दाखवली. दुकानासारखे ऑफिस, भिंतीवर टोपी-झगा घातलेल्या मुलांचे फोटो. म्हणाले, "एका वर्षात पदवी देतो, परीक्षेला जायचीही गरज नाही, हवी तर मागची तारीख टाकू." पन्नास हजार रोख मागत होते. आम्ही चहा न पिता उठलो. वाचकहो, तीन वर्षांच्या पदवीनंतर एम. बी. ए. दोन वर्षांचेच असते. मागच्या तारखेचा कागद घेणे म्हणजे पैसे देऊन स्वतःवर खटला ओढवून घेणे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे की मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. पण मान्यता त्या वर्षाला आणि त्या अभ्यासक्रमाला आहे का, ते आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहावे लागते. संस्थेचे नाव मोठे आहे म्हणून गप्प बसू नये. लेकीने मोबाइलवर ती यादी काढली आणि आम्ही तिघांनी मिळून एकेक ओळ वाचली.

नावाचाही एक पेच होता. एका ठिकाणी पदवीच्या नावात 'सप्लाय चेन' होते, पण फी दुप्पट. दुसरीकडे नाव 'ऑपरेशन्स' होते. आम्ही नाव बाजूला ठेवून विषयांची यादी मागवली. हिच्या रोजच्या कामाचे किती पेपर आहेत ते मोजले. 'ऑपरेशन्स'मध्ये खरेदी, साठा, वाहतूक सगळे होते. शिवाय दोन वर्षांचा अभ्यास चार वर्षांत पुरा करण्याची मुभा होती. आमच्यासारख्यांना ती मुभाच सगळ्यात मोलाची. घरात आजारपण आले, लेकीची बारावी आली, तर अभ्यास थांबवून पुन्हा धरता येतो.

पैसे भरण्यापूर्वी हिने महिनाभर सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर याच विषयाचा एक वर्ग फुकट करून पाहिला. तिथे शिकायला पैसे लागत नाहीत. परीक्षा द्यायची असली तरच फी. इंग्रजी जड गेले. शब्दकोश घेऊन एक पान वाचायला पाऊण तास लागे. पण महिन्याच्या शेवटी ही म्हणाली, "जड आहे, पण माझेच आहे."

शिष्यवृत्तीचीही चौकशी केली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला घरच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. आमच्या दोघांचे मिळून तिच्या वर जाते. ज्यांचे जात नाही त्यांनी समाजकल्याण कार्यालयात जरूर विचारावे, लाजू नये.

सगळ्यात अवघड हिशेब मात्र पैशांचा नव्हता, वेळेचा होता. एका रविवारी आम्ही जुन्या दिनदर्शिकेच्या मागे हिचा आठवडा लिहून काढला. पहाटे पाणी भरणे, दोन डबे, गोदाम, येताना भाजी, स्वयंपाक, भांडी, आईंची औषधे. अभ्यासाला जागा उरली ती रात्री अकरानंतर. कागद पाहून हे म्हणाले, "हिची ठेवणावळ तर आपण कधी धरलीच नाही." त्या दिवशी कामे वाटून घेतली. पाणी आणि सकाळचे डबे ह्यांच्याकडे. संध्याकाळची भांडी लेकीकडे. शिधापत्रिकेचे धान्य ह्यांच्याकडे. आई म्हणाल्या, "रविवारची भाकर मी थापीन, अजून हात चालत्यात." अशी आठवड्याची अकरा तासांची मोकळीक निघाली. घरातल्या बाईला 'शीक' म्हणणे सोपे आहे. पण तिच्या हातातले काम कोणी उचलणार नसेल तर त्या 'शीक'ला काही अर्थ नाही.

काम करीत शिकणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. बाबासाहेबांची शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे जमवले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळवली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळी वर्ग भरवले. मध्येच तुटलेले शिक्षण पुन्हा जोडता येते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. तरी स्वतःच्या घरात ती वेळ आली की आपण स्लॅबचा विचार आधी करतो. आम्हीही केला.

शेवटी ठरले असे. लेकीच्या लातूरच्या शिक्षणासाठी एक लाख रुपये वेगळे ठेवायचे आणि त्यांना कोणी हात लावायचा नाही. उरलेल्यातून हिची फी हप्त्याहप्त्याने भरायची. स्लॅब पुढे ढकलायचा. २०२५च्या जुलैच्या प्रवेशात हिचे नाव घातले. गवंड्याला नाही म्हणताना ह्यांचा चेहरा उतरला होता, ते खरे आहे. पत्र्याच्या भोकांना डांबर लावले. तरी एका कोपऱ्यात थेंब पडतोच. तिथे पातेले ठेवतो.

पहिल्या परीक्षेचा निकाल लागला. बाकीचे पेपर सुटले, संख्याशास्त्राचा राहिला. त्या रात्री ही जेवली नाही. म्हणाली, "स्लॅबचे पैसे मी पाण्यात घातले." आम्ही काही मोठे बोललो नाही. ह्यांनी फक्त विचारले, "पुन्हा परीक्षा कधी?" आता जूनची तयारी चालू आहे. लेक आणि ही एकाच दिव्याखाली बसतात. एकीची दहावीची पुस्तके, एकीची एम. बी. ए. ची.

इन्चार्जची जागा अजून निघालेली नाही. निघाली तरी हिलाच मिळेल असे नाही. पण मागच्या महिन्यात गोदामात परतीच्या मालाचा प्रश्न आला, तेव्हा हिने तीन वर्षांचे आकडे मांडून साहेबांना दाखवले की तालुक्यातल्या कोणत्या दुकानांची मागणी दर जूनला फुगते. साहेबांनी तो कागद ठेवून घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदा हिचा कागद कोणी ठेवून घेतला.

आपल्या वस्त्यांत गोदामात, मोंढ्यात, गॅरेजात, ट्रकवर काम करणारी किती तरी माणसे आहेत. त्यांना काम येते, त्या कामाचे नाव येत नाही. त्यांना आमचे एवढेच सांगणे. जाहिरात पाहून पदवी निवडू नका. आपल्या कामाला काय लागते ते विचारा, मान्यता तपासा, फुकटचा वर्ग करून स्वतःला अजमावा, आणि घरातल्या सगळ्यांना बसवून वेळेचा हिशेब लिहा. मग पैसे भरा.

दादांना निकाल फोनवर कळवला. एक पेपर राहिला हेही सांगितले. ते म्हणाले, "गाडी एका खेपेत भरत नसती पोरी. उरलेलं पोतं दुसऱ्या खेपेला घ्यायचं."

सर्वांना सप्रेम जयभीम.